जर्मनीत पोस्टडॉक : सायटेशन वाढेपर्यंत थांबू का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : पुण्यात पीएचडी संपत आलीय, विषय निकेलची कार्बीन संकुलं (कार्बीन नावाचा कार्बनी रेणू निकेलला जोडून बनवलेली संयुगं), पेपर ५, एच-इंडेक्स ४. जर्मनीत पोस्टडॉकसाठी, म्हणजे पीएचडीनंतरच्या मुदतीच्या संशोधनासाठी, आत्ता अर्ज करू, की सायटेशन (दुसऱ्या पेपरांत आपल्या पेपरचा उल्लेख) जरा वाढू देऊ? मी नऊ वर्षांपूर्वी असाच आलो आणि पश्चिम जर्मनीतल्या रूर भागातच राहिलो. माझं मत : थांबू नका.

एच-इंडेक्स ही मुळात २००५ची चीज, हर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने काढलेली. ४ म्हणजे तुमच्या ४ पेपरांना प्रत्येकी किमान ४ सायटेशन. पीएचडीच्या शेवटी त्यात लाजण्यासारखं काही नाही. त्यातून आपला विषय असा, की एकेक संकुल हवेपासून जपत बनवायचं, क्रिस्टल येईपर्यंत देव पाण्यात घालून बसायचं, आणि पेपर छापून आला की वाचणारे जगात मोजके. बॅटरीवर काम करणाऱ्या, म्हणजे भरपूर सायटेशनच्या विषयातल्या, मित्राशी आकडे ताडून पाहाल तर नुसती झोप उडेल.

तुमच्या कार्बीनचंच घ्या ना. वान्झलिक आणि ओफेले या रसायनशास्त्रज्ञांनी १९६८मध्ये, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, कार्बीनची धातुसंकुलं बनवली. मग बराच काळ सामसूम. १९९१मध्ये अर्डुएन्गोने मोकळं, म्हणजे धातूला न जोडलेलं, कार्बीन चक्क स्फटिकरूपात बाटलीत भरून दाखवलं, पुढे ते रसायनशास्त्रज्ञ ग्रब्जच्या गाजलेल्या उत्प्रेरकात जाऊन बसलं, आणि त्या जुन्या पेपरांना दिवस आले. पॅलेडियमच्या रिॲक्शनवाले रसायनशास्त्रज्ञ रिचर्ड हेक तर १९६८मध्ये कंपनीत नोकरी करत होते. त्या वर्षी एकट्याच्या नावावर ओळीने ७ पेपर. डेलावेअर विद्यापीठातून १९८९मध्ये निवृत्त झाले, त्या रिॲक्शनचं नोबेल मिळालं २०१०मध्ये. तोवर ते फिलिपिन्समध्ये जाऊन राहिले होते. तुम्ही सहा महिने थांबून नेमकं काय साधणार?

आता माझी मुलाखत सांगतो. स्काइपवर होती. माझ्या सगळ्यात जास्त सायटेशनवाल्या पेपरबद्दल विचारतील म्हणून मी पाठ करून बसलो होतो. तो पेपर म्हणजे एक रिव्ह्यू, इतरांच्या कामाचा आढावा. त्यात माझं काम आकृत्या काढायचं. प्रोफेसरांनी त्याचं नावही काढलं नाही. भलत्याच एका पेपरसोबतची स्पेक्ट्रमची फाइल उघडली, फॉस्फरस एनएमआरमध्ये (फॉस्फरसची संयुगं ओळखायची तपासणी) २९ पीपीएमच्या आसपासच्या एका बारक्या पीकवर, म्हणजे आलेखातल्या टोकावर, कर्सर नेला आणि विचारलं, "हा कोण?" घशाला कोरड पडली. खरं तेच सांगितलं : ट्रायफेनिलफॉस्फीन ऑक्साइड, म्हणजे हवा लागून बिघडलेलं फॉस्फीन. जुलैत वीज गेली, पंप बंद पडला, नळीत हवा शिरली. मग पुढची वीस मिनिटं त्या एका पीकवरच, की पुन्हा केलं तर कुठे काय बदलशील. महिन्याभरात पत्र आलं.

इकडे बारक्या पीकला मान आहे, आणि त्याला इतिहासही आहे. इथून जवळच म्युल्हाइमला रसायनशास्त्रज्ञ त्सीग्लर यांच्या ऑटोक्लेव्हमध्ये (उच्च दाबाच्या भांड्यात) निकेलचा अंश राहून गेला होता, म्हणून एथिलीनच्या लांब साखळीऐवजी नुसतं ब्युटीन, म्हणजे छोटा रेणू, मिळायचं. ते का, याच्या मागे लागून एकेक धातू तपासता तपासता १९५३मध्ये त्यांना पॉलिथिनचा उत्प्रेरक सापडला.

डीएफजी, म्हणजे इथली संशोधनाला पैसे देणारी मोठी संस्था, सीव्हीत निवडक पेपर मागते. एच-इंडेक्स, इम्पॅक्ट फॅक्टर (जर्नलच्या सरासरी सायटेशनचा आकडा) विचारत नाही. खासगीत गूगल स्कॉलर उघडून सायटेशन बघणारे प्रोफेसर आहेतच, पण तुमच्या गाइडने पत्रात काय लिहिलंय त्याला जास्त वजन. "मेहनती आणि प्रामाणिक" एवढंच असलं तर ते पत्र वाया गेलं. ग्लोव्हबॉक्स (हवेशिवाय काम करायची हातमोजे लावलेली बंद पेटी) कोण सांभाळायचं, कुठलं संकुल फक्त तुमच्याच हातून व्हायचं, हे त्यांना लिहायला सांगा. जरा अवघड जाईल, पण सांगा.

एका बाबतीत मात्र आकडे लागतात. पुढे परत जाऊन नोकरी शोधायची असेल, तर आपल्याकडच्या कित्येक अर्जांत एकूण सायटेशन, एच-इंडेक्स असे रकानेच असतात. म्हणून इथे आल्यावर एखादा पेपर तरी असा निघेल असं बघा, की ज्यातली रिॲक्शन दुसऱ्यांना आपल्या कामात वापरता येईल. नुसती रेणूची रचना दाखवणाऱ्या पेपरांवर ते रकाने भरत नाहीत. माझ्या एका क्रिस्टलला चौदा महिने गेले. सायटेशन ९, त्यातली ४ आमच्याच ग्रुपची. तरी तो पेपर मला लाडका आहे, ते सोडा.

पैशाचं : नोकरीचा करार आणि स्टायपेंड यांतला फरक आधीच विचारून घ्या. स्टायपेंडवर पेन्शनचा हप्ता भरला जात नाही, आरोग्यविम्याचंही स्वतःच बघावं लागतं. शिवाय विद्यापीठाच्या स्वतःच्या पैशातून मुदतीच्या कराराला पीएचडीनंतर साधारण ६ वर्षांची मर्यादा आहे. ते घड्याळ नोकरीच्या पहिल्या दिवसापासून चालू होतं, आणि हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

ईमेल लहान ठेवा, एकाच वेळी चाळीस जणांना तोच मजकूर धाडू नका; लगेच कळतं. आणि त्याआधी मला एवढं कळवा : तुमच्या ५ पेपरांपैकी कुठल्या पेपरातले क्रिस्टल तुम्ही स्वतः वाढवलेत? त्यावरून कोणाला लिहायचं ते सुचवतो.