राखाडी क्वीन मेरी: रंगाआधी साल ठरवा

दुसऱ्या महायुद्धातल्या क्वीन मेरी या ब्रिटिश प्रवासी बोटीचं मॉडेल करायला घेताय, फार छान निवड आहे. पण रंगाची डबी उघडण्याआधी कोणत्या वर्षाची बोट करायची ते नक्की करा. सगळी गंमत तिथेच आहे.

१९४० मध्ये न्यूयॉर्कला तिला राखाडी रंग फासला आणि सिडनीला सैनिकवाहू बोट म्हणून फेरफार केले. मे महिन्यात ती ऑस्ट्रेलियाचे सुमारे ५,००० सैनिक घेऊन निघाली. १९४३ च्या जुलैमध्ये त्याच बोटीत खलाशांसह १६,६८३ माणसं होती! म्हणून नंतरच्या काळातलं मॉडेल असेल तर डेकवर जीवरक्षक तराफे आणि विमानविरोधी तोफा हव्यातच. १९४० ची बोट त्यामानाने मोकळी दिसते.

हुलभोवती (बोटीच्या मुख्य सांगाड्याभोवती) बाहेरून चुंबकी सुरुंगांपासून बचाव करणारी केबल फिरवलेली होती. १:७०० मापात बोट जेमतेम ४४ सेंटीमीटर भरते, त्यामुळे केबलसाठी बारीकात बारीक तांब्याची तार घ्या. जाड तार अगदी वाईट दिसते. तिन्ही धुराडीसुद्धा राखाडीच, लाल ठेवू नका.

आतल्या बंकांच्या (सैनिकांच्या झोपायच्या फळ्यांच्या) नादी लागू नका, दिसत नाहीत.

ऑक्टोबर १९४२ मध्ये क्युराकोआ ही सोबतची युद्धनौका क्वीन मेरीच्या धडकेने दुभंगली, तीनशेहून जास्त नौसैनिक गेले. पाणबुड्यांच्या भीतीने क्वीन मेरीला थांबायची मुभा नव्हती. तिचा चेपलेला नाळेचा (पुढच्या टोकाचा) भाग दाखवायचा असेल, तर फोटो नीट पाहूनच दाखवा.