यूट्यूबवरचा रायन आणि टीव्हीवरचा रायन: मुलाला फरक पडतो का?

तुमचा पाच वर्षांचा मुलगा यूट्यूबवरचे रायन या अमेरिकन मुलाचे खेळण्यांचे व्हिडिओ सोडायला तयार नाही. त्याऐवजी निकलोडियन या मुलांच्या टीव्ही चॅनेलची, त्याच रायनची ‘रायन्स मिस्टरी प्लेडेट’ ही मालिका लावली तर फरक पडेल का, की सगळं एकच, असं तुम्ही विचारलंय. फरक पडतो. पडद्यावरचा रायन तोच, त्याचे आईबाबाही तेच, तरी पडतो. मी तो घरात पाहिलाय.

२०१९ च्या उन्हाळ्यात मी लेकीकडे न्यू जर्सीला होते. नातू तेव्हा पाच वर्षांचा. त्याआधी मी साताऱ्यात २२ वर्षं बालवाडी चालवली, त्यामुळे मूल काही बघत असलं की माझं लक्ष पडद्यापेक्षा मुलाकडेच असतं. टॅबवर रायन लागला की आमचा पोरगा एकदम गप्प. तोंड अर्धं उघडं, हातातलं धिरडं हातातच गार. एक व्हिडिओ संपला की पुढचा आपोआप सुरू. टॅब काढून घेतला की रडारड, आणि रडून झालं की एकच वाक्य, “मला तेच पाहिजे.”

यात रायन काजीचा काही दोष नाही, हे आधी सांगते. २०१५ च्या मार्चमध्ये आईवडिलांनी चॅनेल सुरू केलं तेव्हा तो जेमतेम चार वर्षांचा होता. पहिल्या व्हिडिओत तो लेगोच्या आगगाडीशी खेळतो, बस. मग काही महिन्यांनी एका भल्यामोठ्या खोट्या अंड्यातून त्याने शंभरावर खेळणी काढली, आणि तो व्हिडिओ पुढे अब्जाहून जास्त वेळा पाहिला गेला. २०१८ मध्ये फोर्ब्सच्या यादीत वर्षाला २ कोटी २० लाख डॉलर कमाईसह तो यूट्यूबवर पहिला होता. त्याच वर्षी त्याच्या नावाची खेळणी वॉलमार्टमध्ये विकायला आली.

मालिका सुरू झाली १९ एप्रिल २०१९ ला. पॉकेट.वॉच या कंपनीने ती बनवली. अर्ध्या तासाच्या भागात रायन, त्याचे आईबाबा आणि दोन कार्टून मित्र मिळून काही खेळ आणि कोडी पार पाडतात. त्यातून खुणा मिळत जातात. त्यावरून ओळखायचं की आज खेळायला येणारा पाहुणा कोण. खोकी इथेही उघडली जातात, कारण मुलांना तेच आवडतं हे बनवणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं. पण व्हिडिओत खोकं उघडलं की खेळणं निघतं आणि पुढे विचार करायला काही उरत नाही. मालिकेत खोक्यातून निघालेली वस्तू कशाची तरी खूण असते. ती हातात धरून मुलाला पुढचा विचार करावा लागतो.

हे एवढंसं वाटतं ना? नातवाच्या अंगात ते मला लगेच दिसलं. पहिली खूण आली की तो सोफ्यावरून खाली उतरायचा. “आजी, फायरमन असेल!” मी विचारायचे, “कशावरून?” मग तो कारण शोधायचा, चुकायचा, दुसरी खूण आली की आपलंच म्हणणं बदलायचा. बालवाडीत या ‘कशावरून’साठी मी काय काय खटपटी केल्यात! आणि भाग संपला की तो संपायचा. पाहुणा कळला, खेळ झाला, आता उठायचं. त्यावर रडं क्वचितच झालं.

दुसरी गोष्ट जाहिरातींची, आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. अमेरिकेत १९९० पासून मुलांच्या टीव्हीसाठी कायदा आहे. १२ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या कार्यक्रमात तासाला जास्तीत जास्त १२ मिनिटं जाहिराती, शनिवार-रविवारी साडेदहा मिनिटं. शिवाय कार्यक्रमातलं पात्र त्याच कार्यक्रमाच्या मधल्या किंवा लागूनच्या जाहिरातीत येऊन वस्तू विकू शकत नाही. यूट्यूबला हे बंधन नव्हतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ट्रुथ इन ॲडव्हर्टायझिंग या संस्थेने रायनच्या चॅनेलबद्दल फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकांचं हित बघणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेकडे तक्रार केली, ती याच मुद्द्यावर: पैसे घेऊन केलेली शिफारस आणि खरा खेळ यातला फरक अजून शाळेत न जाणाऱ्या लहान मुलाला कळत नाही. अगदी खरं आहे. माझ्या बालवाडीतली चार वर्षांची मुलं जाहिरातीलाही गोष्टच समजायची. मोठी माणसं खोटं बोलत नाहीत, असं त्या वयात वाटतं.

मालिकेत सगळं छान आहे असं मात्र नाही. आरडाओरडा फार, वेग फार, आणि मध्येच अंगावर चिकट काहीतरी ओतायची हौस. आणि रायन टीव्हीवर आला की दुकानातली त्याच्या नावाची खेळणी मुलाला आठवणारच, तिथे कुठलाच कायदा उपयोगी पडत नाही. भारतात तर अमेरिकेचा कायदा लागूही नाही, म्हणून जाहिरातींच्या वेळी तुम्ही शेजारी असलेलं बरं.

तेव्हा मालिका जरूर लावा, पण दिवसाला एकच भाग, आणि पहिले काही दिवस त्याच्याबरोबर बसून बघा. पाहुणा समोर यायच्या जरा आधी थांबवा. त्याला विचारा कोण असेल, आणि त्याचं उत्तर चुकलं तरी हसू नका. पुढचे भाग आपोआप सुरू होण्याची सोय असेल तर ती सेटिंगमध्ये जाऊन आधीच बंद करा.

मी परत निघायच्या आठवड्यात नातवाने बुटांचं एक रिकामं खोकं माझ्यापुढे आणून ठेवलं. आत चष्म्याचं घर, अडकित्ता आणि क्रॉसवर्डचं कात्रण. “ओळख, आज कोण खेळायला येणार?” पडद्याखालून त्याच्या आजोबांचे पाय दिसत होते. मी मुद्दाम दोनदा चुकीचं उत्तर दिलं, तेव्हा तो माझ्याच सुरात म्हणाला, “कशावरून?”