इटॅलिक लावण्याआधी हे बघून घे

सीएसएसमध्ये (वेबपेजचं रूप ठरवणाऱ्या कोडमध्ये) नुसतं फॉन्ट-स्टाइल इटॅलिक लिहिलंस म्हणजे खरं इटॅलिक, म्हणजे वेगळी घडवलेली तिरकी अक्षरं, आलंच असं नसतं. वेबफॉन्टची (पेजसोबत डाउनलोड होणाऱ्या फॉन्टची) फक्त रेग्युलर, म्हणजे साधी सरळ, फाइल लोड केली असशील तर ब्राउझर तीच अक्षरं ढकलून तिरकी करतो, आणि ते लगेच ओळखू येतं, सेरिफ (अक्षरांच्या टोकांना छोट्या रेघा असलेल्या) फॉन्टमधला इंग्रजी छोटा 'ए' झूम करून बघ, खऱ्या इटॅलिकमध्ये त्याचा आकारच बदलतो, हाताने लिहिल्यासारखा होतो, नकलीत मात्र तोच 'ए' नुसता कललेला. म्हणून इटॅलिकची फाइल वेगळी घे आणि फॉन्ट-सिंथेसिस नन (ब्राउझरला नकली आकार बनवू न देणारी सेटिंग) लावून टेस्ट कर, फाइल आली नसेल तर अक्षरं सरळच दिसतील. ऑब्लिक (फॉन्ट-स्टाइलचाच दुसरा पर्याय) म्हणजे मुद्दाम कललेला आकार, डिफॉल्ट 14 अंश, सॅन्स (टोकांना रेघा नसलेल्या) फॉन्टला चालून जातो.

देवनागरीला मात्र प्लीज इटॅलिक लावू नकोस! बहुतेक देवनागरी फॉन्टमध्ये ते नसतंच, मग शिरोरेषा आडवीच राहते नि काने तेवढे कलंडतात, वरच्या मात्रा उजवीकडे सरकतात, खालचे उकार डावीकडे, वाचणाऱ्याला फार त्रास होतो. जोर द्यायच्या शब्दाला एचटीएमएल टॅग ईएमच ठेव, फक्त मराठी मजकुराला लँग सिलेक्टरने (भाषेनुसार मजकूर निवडणाऱ्या सीएसएसने) स्टाइल नॉर्मल आणि वेट (जाडी) 600 दे, आणि त्यासाठी फॉन्टची 600 वाली फाइलपण लोड कर, नाहीतर बोल्डही नकलीच येईल.