डूम ईमॅक्स बसवलं, पण ते माझं ऐकत नाही. सोडून देऊ का?

ईमॅक्स हा मजकूर आणि कोड लिहायचा एडिटर, आणि डूम म्हणजे त्याच्यासाठी आयती बांधून दिलेली सेटिंग्ज. तुमच्या प्रश्नात चार तक्रारी एकत्र आल्यात: कॉन्फिगमध्ये, म्हणजे सेटिंग्जच्या फायलीत, लिहिलेलं लागू होत नाही, मराठी नोट्समध्ये अक्षरांच्या जागी चौकोन दिसतात, महाप्याच्या ऑफिसातल्या लॅपटॉपवर पॅकेजं (एडिटरला जोडायचे छोटे प्रोग्रॅम) उतरत नाहीत, आणि या सगळ्याला कंटाळून लेझीव्हिम (निओव्हिम या दुसऱ्या एडिटरची अशीच आयती मांडणी) घ्यावं का. शेवटच्याचं उत्तर आधी देतो. नुसतं पायथन लिहायचं असतं तर म्हटलं असतं, खुशाल जा. निओव्हिम हलकं आहे, झटकन उघडतं. पण तुम्हाला त्याच एडिटरमध्ये मराठीही लिहायचंय, म्हणून जरा थांबा.

निओव्हिम सहसा टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायच्या खिडकीत) चालतं आणि अक्षरं रंगवण्याचं काम टर्मिनलकडे असतं. टर्मिनल प्रत्येक अक्षराला ठरावीक रुंदीचं घर देतं. इंग्रजीला ते पुरतं. 'विद्यार्थी' लिहून बघा: द्य सुटा पडतो, रफार भलत्याच डोक्यावर बसतो, कर्सर एकीकडे आणि खोडलं जातं दुसरीकडे. काही टर्मिनलं बरी आहेत, पण भरवसा नाही. ईमॅक्सची स्वतःची खिडकी मात्र २७व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२० पासून, जोडाक्षरं जुळवायला हार्फबझ वापरते आणि देवनागरी व्यवस्थित दाखवते. अट एकच, ईमॅक्स खिडकीत उघडायचं. टर्मिनलच्या आत उघडलंत तर तेच रडगाणं.

चौकोन दिसतायत ते फाँट नसल्यामुळे. नोटो सान्स देवनागरी टाका, किंवा मुंबईच्या 'एक टाइप' या फाँट बनवणाऱ्यांचा मुक्ता टाका. दोन्ही फुकट आहेत. मग देवनागरी लिपीसाठी हाच फाँट वापर, असं सांगणारी फाँटसेटची एक ओळ कॉन्फिगमध्ये लागते. ती फायलीत नुसती उघडी लिहू नका. डूम स्वतःचे फाँट नंतर बसवतं आणि तुमची ओळ पुसली जाते. फाँट बसून झाल्यावर आपोआप चालणारा हुक (ओळ अडकवायची खुंटी) डूममध्ये आहे, त्याला ती जोडा.

टायपिंगचं दुखणं वेगळं. विंडोजचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड चालू ठेवून तुम्ही एस्केप दाबता आणि खालच्या ओळीवर जायला 'जे' (j) ही कळ दाबता, तेव्हा ईमॅक्सला मिळतो 'र'. के दाबलं की 'क'. ईमॅक्स म्हणतं, अशी कमांडच नाही. म्हणून सिस्टिमचा कीबोर्ड इंग्रजीच ठेवा आणि ईमॅक्सची आतली इनपुट पद्धत वापरा. इनस्क्रिप्टही आहे, रोमनमधून लिहिणाऱ्यांसाठी आयट्रान्सही आहे. कंट्रोल आणि बॅकस्लॅश दाबलं की चालू, पुन्हा दाबलं की बंद. यातली खरी गंमत अशी की डूममधलं इव्हिल (व्हिमच्या कळा ईमॅक्समध्ये आणणारं पॅकेज) ही पद्धत फक्त इन्सर्टमध्ये, म्हणजे मजकूर लिहिताना, चालू ठेवतं. एस्केप दाबलंत की जे-के पुन्हा जे-के. आमच्या सोसायटीच्या सभेचं इतिवृत्त मी असंच ऑर्गमध्ये (ईमॅक्सच्या नोट्स लिहायच्या सोयीत) लिहितो. सेक्रेटरींना वर्डमध्ये उघडेल असं हवं असतं, म्हणून ओडीटी काढून देतो. पीडीएफच्या वाटेला सुरुवातीला जाऊ नका. पीडीएफ बनवणाऱ्या नेहमीच्या पीडीएफलाटेक प्रोग्रॅमला देवनागरी झेपत नाही, त्याच्या झीलाटेक या भावंडाकडे वळावं लागतं आणि एक रविवार त्यात जातो.

आता मुख्य मुद्दा. हेन्रिक लिस्नरने डूम रचलंय तेच मुळी त्याची फाइल एकीकडे आणि तुमची एकीकडे या हिशेबाने. तुमच्या फोल्डरमध्ये तीन फायली असतात. इनिटमध्ये कोणती मॉड्यूलं हवीत ते, पॅकेजेसमध्ये बाहेरून आणायची पॅकेजं, कॉन्फिगमध्ये तुमच्या आवडीनिवडी. पहिल्या दोघींत काही बदललं की टर्मिनलमध्ये 'डूम सिंक' ही कमांड चालवायची आणि ईमॅक्स बंद करून उघडायचं. तिसरीसाठी नुसतं बंद करून उघडलं तरी चालतं. स्पेस, एफ, पी दाबलं की या फायलींची यादी समोर येते. डूमच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये मात्र एक अक्षर बदलू नका, नाहीतर अपग्रेडच्या वेळी गिट (फायलींतल्या बदलांचा हिशेब ठेवणारा प्रोग्रॅम) भांडत बसेल. आणि नेटवरच्या जुन्या लेखात दिसतं तसं ईमॅक्सच्या आतून पॅकेज इन्स्टॉल करू नका. डूम पॅकेजं ठरावीक कमिटला, म्हणजे गिटमधल्या एका नेमक्या आवृत्तीला, बांधून ठेवतं. आतून आणलेलं त्याच्या हिशेबात येतच नाही.

तुमचं सेटिंग का लागत नाही, त्याचा अंदाज तुमच्याच ओळीवरून येतो. तुम्ही कॉर्फूची (टाइप करताना शब्द सुचवणाऱ्या पॅकेजची) यादी उशिरा यावी म्हणून व्हेरिएबल सरळ सेट केलंय. ईमॅक्स सुरू होताना तुमची ओळ चालते, पण तेव्हा कॉर्फू लोडच झालेलं नसतं. ते येतं नंतर, आणि येताना डूमने त्याच्यासाठी लिहिलेली सेटिंग्ज घेऊन येतं. शेवटी आलेल्याचा शब्द चालतो. म्हणून ती ओळ डूमच्या 'आफ्टर' मॅक्रोमध्ये गुंडाळा, म्हणजे कॉर्फू लोड झाल्यावर तुमची ओळ चालेल. कुठल्याही पॅकेजच्या बाबतीत पहिला संशय इथेच घ्या. अपवाद ऑर्गच्या फोल्डरचा. तो ऑर्ग लोड होण्याआधीच सांगावा लागतो, म्हणून उघडा ठेवलेला बरा.

एकही ओळ लागत नसेल तर घरच्या फोल्डरमध्ये जुनं डॉट-ईमॅक्स-डी (.emacs.d) फोल्डर पडलंय का बघा. ते असेल तर ईमॅक्स तेच उचलतं आणि डूमकडे ढुंकूनही बघत नाही.

पायथनसाठी इनिटमध्ये दोन ठिकाणी हात लावायचा: टूल्सखाली एलएसपी (एडिटरला कोडमधल्या चुका आणि सूचना पुरवणारी सोय) चालू करायचं आणि लँग्वेजखाली पायथनला एलएसपीचा आणि पायराइटचा फ्लॅग द्यायचा. एवढं करून लोक वाट बघत बसतात. पण पायथन कोड तपासून त्या सूचना देणारा पायराइट हा वेगळा प्रोग्रॅम आहे, तो एनपीएम किंवा पिप या इन्स्टॉलरने तुम्हालाच आणावा लागतो. बाकी भाषांपुढे दोन अर्धविराम टाकून त्या बंद करा. पुढे लागल्या तर तेच काढायचे. नवीन काही घालण्याआधी आहे त्यातलं काय नको ते ठरवा, हे माझं ठाम मत.

विंडोजवर थेट चालवत असाल तर मॅगिट (ईमॅक्समधून गिट वापरायचं पॅकेज) रखडणारच; ते एका स्क्रीनसाठी गिटला कितीतरी वेळा हाक मारतं आणि विंडोजवर प्रत्येक हाक महाग पडते. विंडोज ११ असेल तर डब्ल्यूएसएलमध्ये (विंडोजच्या आत लिनक्स चालवायच्या सोयीत) बसवा, खिडकीही उघडते.

ऑफिसच्या नेटचं काय? पॅकेजं गिटने उतरतात आणि बहुतेक ठिकाणी प्रॉक्सी (ऑफिसचं नेट ज्यातून जातं तो सर्व्हर) मध्ये उभी असते. गिटला आणि एन्व्हायर्नमेंटला, दोन्हीकडे प्रॉक्सीचा पत्ता द्या, मग 'डूम एन्व्ह' ही कमांड चालवा म्हणजे ईमॅक्सलाही तो कळेल. तरी अडलं तर आयटीला मेल टाका. आमच्याकडे मॅनेजरला सीसीत ठेवल्यावर काम झालं. घरी घणसोलीला वायफायवर सिंक करून आणायचा विचार असेल, तरी आधी त्यांना विचाराच.

या सगळ्यानंतर 'डूम डॉक्टर' ही तपासणीची कमांड चालवा. तो काय म्हणतो ते जसंच्या तसं इथे टाका, मी बघतो.