सहा तासांचा आलेख येतो, महिन्याचा काढला की इन्फ्लक्सडीबी बंद पडतो

नंतर वाचणाऱ्यांसाठी आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो. छतावरच्या सोलर इन्व्हर्टरचे आकडे दर 10 सेकंदांनी एमक्यूटीटीवरून (उपकरणांचे छोटे संदेश पोचवणारा प्रोटोकॉल) येतात. टेलिग्राफ हा आकडे गोळा करणारा प्रोग्राम ते इन्फ्लक्सडीबी 1.8 या वेळेनुसार नोंदी ठेवणाऱ्या डेटाबेसमध्ये टाकतो आणि ग्राफाना त्यांचे आलेख दाखवतो. हे सगळं 2 जीबी मेमरीच्या रास्पबेरी पाय 4 या छोट्या संगणकावर. सहा तासांचा आलेख रडतखडत का होईना, येतो. 30 दिवस निवडले की ‘बॅड गेटवे’ येतं, सगळी पॅनल रिकामी होतात आणि थोड्या वेळाने आपोआप सुरळीत होतं. तुम्हाला कुणीतरी स्वॅप (मेमरी कमी पडली की वापरायची कार्डावरची जागा) वाढवायला सांगितलंय, ते कृपया करू नका. त्याने पडझड जरा लांबेल, दुखणं तसंच राहील आणि एसडी कार्ड झिजेल ते वेगळंच.

अशा वेळी पहिला प्रश्न एकच: मान टाकली कुणी? फक्त ब्राउझरचा टॅब मरत असेल आणि त्याच वेळी मोबाइलवर दुसरा डॅशबोर्ड नीट दिसत असेल, तर पडद्यावर झेपणार नाहीत इतके बिंदू ओतले जाताहेत. ‘बॅड गेटवे’ म्हणजे ग्राफाना जिवंत आहे, मागचा डेटाबेस उत्तर देत नाहीये. कर्नलचा (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचा) लॉग उघडून ‘आउट ऑफ मेमरी’ आणि त्यापुढे इन्फ्लक्सडी या डेटाबेसच्या प्रोसेसचं नाव शोधा. डॉकरमध्ये चालवत असाल तर एक्झिट कोड 137 दिसेल. तो 128 अधिक 9, म्हणजे प्रोसेस बाहेरून सक्तीने मारली गेली. सिस्टिमडी (सेवा चालू ठेवणारा लिनक्सचा प्रोग्राम) तिला परत उठवतो, उठल्यावर ती आधी डब्ल्यूएएल फाइल (नव्या नोंदी आधी जिथे लिहिल्या जातात ती) वाचून काढते, आणि तेवढा वेळ तुमची पॅनल रिकामी राहतात.

आता मेमरी गेली कुठे? तुम्ही दिलेल्या टेलिग्राफच्या कॉन्फिगमध्ये टॅग-कीजच्या (नोंदींना लावायच्या लेबलांच्या) यादीत ‘डिव्हाइस’ आहे, आणि त्याच्या शेजारी ‘मेसेज आयडी’ आहे. पाणी इथेच मुरतंय. इन्फ्लक्समध्ये टॅगची प्रत्येक नवी किंमत म्हणजे एक नवी सिरीज, नोंदींची वेगळी मालिका. मेसेज आयडी दर वेळी वेगळा, म्हणजे दिवसाला 8,640 नव्या सिरीज, आणि प्रत्येकीत जेमतेम एक नोंद. त्यात तुमच्या क्वेरीत ‘ग्रुप बाय’पुढे तारका आहे, म्हणजे सगळ्या टॅगनुसार वेगळी रेघ. 30 दिवसांत 2,59,200 रेघा झाल्या. हजारेक पिक्सेल रुंदीच्या पॅनलसाठी ग्राफाना महिन्याला अर्ध्या तासाचा इंटरव्हल धरतो, म्हणजे 1,440 कप्पे. आणि ‘फिल नल’ असल्यामुळे प्रत्येक रेघेचा प्रत्येक रिकामा कप्पाही तयार होतो. गुणाकार करा: 37 कोटी 32 लाख 48 हजार. सहा तासांना हाच हिशेब साधारण 23 लाखांवर थांबतो, म्हणून तो आलेख अजून येतो.

‘शो सिरीज कार्डिनॅलिटी’ (एकूण सिरीज किती ते सांगणारी आज्ञा) चालवून हे स्वतः पडताळून पाहा. एका इन्व्हर्टरला तो आकडा दोन अंकी असायला हवा. तुमचा लाखांत येईल. इंडेक्स (सिरीजची सूची) मूळचाच, मेमरीत राहणारा असेल तर डेटाबेसमागे 10 लाख सिरीजची मर्यादा असते. या वेगाने ती चार महिन्यांच्या आत भरते आणि मग नव्या सिरीजच्या नोंदी नाकारल्या जातात. आलेख राहिला बाजूला, डेटाच जाईल. म्हणून याला आजच हात घाला.

मेसेज आयडी टॅगमधून काढा. खरंच हवा असेल तर फील्ड (इंडेक्समध्ये न जाणारी साधी किंमत) म्हणून ठेवा. जुन्या नोंदींवरचा टॅग मात्र जागच्या जागी काढता येत नाही. नवा डेटाबेस करा, टेलिग्राफचं तोंड तिकडे वळवा आणि जुना डेटा ‘सिलेक्ट इंटू’ने एकेक दिवस करून आणा, सगळा एकदम नको. यात एक फसवी जागा आहे: ‘ग्रुप बाय’ दिलं नाही तर टॅग गुपचूप फील्ड होऊन बसतात. तेव्हा ‘ग्रुप बाय डिव्हाइस’ लिहा आणि हवीत तेवढीच फील्ड निवडा. पॅनलच्या क्वेरीतही तारकेऐवजी ‘डिव्हाइस’ आणि ‘फिल नन’ (रिकामे कप्पे बनवू नको) करा. वेळेचं फिल्टर कधीही काढू नका. खालची मर्यादा नसेल तर इन्फ्लक्स 1677 सालापासून शोध धरतो. 1970 पासून नॅनोसेकंद मोजणारा 64 बिटांचा आकडा मागे तिथवरच जातो.

एवढ्याने महिन्याचा आलेख झटकन यावा. वर्षाचा तरीही जड जाईल, कारण इंटरव्हल मोठा केला तरी उत्तर लहान होतं, वाचायच्या मूळ नोंदी तेवढ्याच राहतात: एका फील्डला 31,53,600. त्यासाठी कंटिन्युअस क्वेरीने (डेटाबेस ठरावीक वेळाने आपोआप चालवतो ती क्वेरी) पाच-पाच मिनिटांचा सारांश वेगळ्या रिटेन्शन पॉलिसीत (डेटा किती काळ ठेवायचा तो नियम) साठवा. वॅटची सरासरी आणि कमाल दोन्ही ठेवा, नुसत्या सरासरीत दुपारचे उंच टोक बुजून जातात. एकूण युनिट हा चढत जाणारा आकडा आहे, त्याची सरासरी निरर्थक; तिथे ‘लास्ट’ घ्या. कंटिन्युअस क्वेरी जुन्या डेटाला हात लावत नाही, त्यामुळे मागचा सारांश एकदा हाताने काढावा लागेल. तो नीट झाल्याचं बघूनच कच्च्या डेटाची मुदत कमी करा, आधी नको.

दोन गोष्टी जाता जाता. ‘गेटकॉन्फ लाँग बिट’ (सिस्टिम किती बिटांची ते सांगणारी आज्ञा) चालवा. उत्तर 32 आलं तर आज ना उद्या वेगळ्या कारणाने पडाल: इन्फ्लक्स आपल्या फाइली मेमरीत मॅप करतो आणि 32 बिटांत पत्त्यांची जागाच अपुरी पडते. ‘यूनेम’वर विसंबू नका, पायवर कर्नल 64 चा आणि बाकी सिस्टिम 32 ची असू शकते. दुसरं, कॉन्फिगच्या कोऑर्डिनेटर भागात क्वेरी टाइमआउट आणि मॅक्स सिलेक्ट बकेट्स दोन्ही मुळात शून्य, म्हणजे अमर्याद असतात. तिथे 30 सेकंद आणि काही हजार कप्पे असं काहीतरी घाला. मग एखादी क्वेरी चुकली तरी तेवढंच पॅनल लाल होईल, डेटाबेस चालू राहील.

हे करूनही पडलाच, तर कार्डिनॅलिटीचा आकडा, कर्नल लॉगमधल्या ‘आउट ऑफ मेमरी’च्या ओळी आणि ग्राफानाच्या क्वेरी इन्स्पेक्टरमधली खरी क्वेरी इथे टाका. मी बघतो.