जळगावात जुना टर्नटेबल आहे, बजेट बेताचं. आधी कार्ट्रिज बदलू की फोनो प्रीअ‍ॅम्प?

आधी कार्ट्रिज, म्हणजे सुई बसवलेला डबीसारखा भाग. सुई झिजलेली असली तर प्रीअ‍ॅम्प (सुईकडून येणारा क्षीण सिग्नल वाढवणारं यंत्र) कितीही भारी घ्या, रेकॉर्ड खरवडलीच जाणार.

ऑडिओ-टेक्निकाचं एटी-व्हीएम९५ई कार्ट्रिज पुरेसं आहे. पुढे त्याच बॉडीत वरच्या दर्जाची सुई बसते. घरात ७८ आरपीएमच्या तबकड्या असतील तर त्यांना याच मालिकेतली एसपी सुई लावा, तबकडीवर तिचा दाब मात्र ५ ग्रॅम ठेवा. सोबत येणाऱ्या ई सुईला २ ग्रॅम, तेही छोट्या डिजिटल काट्यावर मोजून. टोनआर्मवरच्या (कार्ट्रिज धरणाऱ्या दांड्यावरच्या) आकड्यांवर फार विसंबू नका.

कार्ट्रिजला जोडायच्या वायरी: पांढरी-निळी डावा चॅनल, लाल-हिरवी उजवा. चिमट्याने क्लिप धरा, वायर ओढलीत की तुटलीच. पिनांवर सोल्डर करू नका, उष्णतेने आतली कॉइल जाते.

अ‍ॅम्प्लिफायरला ‘फोनो’ सॉकेट असेल तर प्रीअ‍ॅम्पचा खर्च तूर्त वाचला. नसेल तर ४७ किलोओहमचा एमएम (मूव्हिंग मॅग्नेट, अशा कार्ट्रिजसाठीचा) प्रीअ‍ॅम्प घ्या. केबलसकट कपॅसिटन्स (विद्युत धारिता, केबल लांब तेवढी जास्त) १०० ते २०० पिकोफॅरडमध्ये ठेवा, म्हणजे केबल आखूड हवी. जास्त झाला की गाण्यातला ‘स’ कानाला बोचतो.

घूं असा आवाज आला तर आधी टर्नटेबलची ग्राउंड वायर स्क्रूला घट्ट आहे का बघा. मग घराचं अर्थिंग. आपल्याकडे उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, त्यात बादलीभर पाणी ओता.