संमोहनाचं वाक्य मराठीत हवं

इंग्लंडातल्या रेडिंगच्या ताई,

तुम्ही लिहिता, "आईच्या काळजीने फोन उशाशी ठेवते. रात्री साडेबाराला फॅमिली ग्रुपवर 'सुप्रभात' सुरू होतं, आणि एकदा हातात घेतला की दोन वाजेपर्यंत रील्स. संमोहनाच्या तीन बैठका झाल्या, काडीचा फरक नाही."

तुमचे साडेबारा म्हणजे नाशिकचे सकाळचे सहा. मार्चअखेर इथलं घड्याळ पुढे गेलं की तेच सुप्रभात दीडला येईल. रील्स नंतरच्या. आधी आहे तो घराकडे लावलेला कान. आणि बैठकीत सूचना कोणती मिळाली? तुमच्याच पत्रात आहे: "आय विल नॉट टच माय फोन." अहो, या वाक्यात फोन आहे, पण आई कुठे आहे?

लिंबू आठवू नका म्हटलं की तोंडाला पाणी सुटतंच. 'नाही'वाल्या सूचनेचं तसंच होतं. शिवाय ती इंग्रजीत. ऑफिस इंग्रजीत चालतं हो, पण मध्यरात्री जीव मराठीतच खालीवर होतो. हा माझा जुना हट्ट आहे, वाचकांना पाठ झाला असेल. आमच्या घरातही महागडी इंग्रजी रेकॉर्डिंग पडून राहिली आणि कामाला आलं ते "आई बरी आहे, आता पाठ टेक" एवढंच.

तेव्हा तुमचं वाक्य तुम्हीच करा. आठ-दहा शब्दांचं, वर्तमानकाळातलं, त्यात कृती हवी: "फोन ओट्यावर ठेवते, दिवा मालवते, आई तिकडे नीट आहे."

जेवणानंतर तासाभराने खुर्चीत बसा. अंथरुणात नको, सूचनेआधीच डोळा लागतो. नजरेच्या किंचित वर भिंतीवरचा एक ठिपका धरा. श्वास सोडताना तो घेण्यापेक्षा लांब ठेवा. पापण्या जड झाल्या की मिटा आणि जिना उतरल्यासारखे दहा ते एक आकडे मोजा. मग वाक्य पाच वेळा, सावकाश, आणि प्रत्येक वेळी अंगठा तर्जनीला टेकवायचा. फोन खरोखर ओट्यावर ठेवताना हीच खूण करायची. शेवटी एक ते पाच मोजत डोळे उघडा. एकूण दहा मिनिटं, रोज, निदान तीन आठवडे. चार दिवस करून "माझ्यावर संमोहन चालत नाही" म्हणणाऱ्यांचं मी ऐकून घेत नाही.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे वाक्य रेकॉर्ड करून ते त्याच फोनवर ऐकणं! चोरालाच किल्ली. जुना लॅपटॉप वापरा.

काळजीचा बंदोबस्तही आधी हवा, नाहीतर वाक्य खोटं वाटेल. डू नॉट डिस्टर्बमध्ये आई आणि भाऊ यांना सूट द्या, रिंग मोठी ठेवा, आणि भावाला बजावा: अडचण आली तर व्हॉट्सॲपवर लिहू नकोस, साधा फोन कर. ग्रुप म्यूट केल्याने काकू रागावतील, रागावू द्या.

पुन्हा बैठका घ्यायच्याच असतील तर आठ-दहांचं पॅकेज आगाऊ भरू नका. ब्रिटनमध्ये संमोहनतज्ज्ञ म्हणवून घ्यायला कायद्याने पदवी लागत नाही. म्हणून प्रोफेशनल स्टँडर्ड्स ऑथॉरिटी या आरोग्यसेवकांच्या नोंदवह्या तपासणाऱ्या संस्थेची मान्यता असलेल्या नोंदवहीत नाव पाहा. कुणाला भास-भ्रमाचा आजार असेल तर हा मार्ग नकोच, त्याने तो वाढू शकतो. आणि स्पष्ट सांगते, आयबीएस म्हणजे वारंवार पोट दुखण्या-बिघडण्याच्या आतड्याच्या त्रासासाठी संमोहनाला बरा पुरावा आहे, मोबाइलच्या सवयीसाठी तोकडाच. ते मदतनीस आहे, जादू नव्हे.

पत्रातले बाकीचे प्रश्न थोडक्यात. मुलगा मराठीत उत्तर देत नाही? तुम्ही बोलत राहा. सासूबाईंना व्हिजिटर व्हिसावर सहसा सहा महिनेच राहता येतं. प्रवास विमा तिकीट काढतानाच घ्या, आणि जुना आजार त्यात लपवू नका. नवऱ्याच्या क्रिकेटबद्दल पुढच्या वेळी.